न घडलेल्या इतिहासाचीं वस्त्रें

इतिहासकारानें घडलेलें सांगावें आणि कवीनें घडण्याजोगें सांगावें, अशी वांटणी ॲरिस्टॉटलनें करून ठेवली आहे. परंतु या दोन शेतांच्या मधल्या बांधावरून फिरणारा एक तिसरा वर्ग नेहमींच असतो. तो घडलेल्या इतिहासांतील एकच खिळा उपसतो आणि मग सगळा डोलारा कोणीकडे कलतो तें पाहत बसतो. १९३१ सालीं जे. सी. स्क्वायर यांनीं इंग्रजींत अशा निबंधांचा एक संग्रह संपादित केला. त्यांत गेटिसबर्गच्या लढाईचा निकाल उलटा लागला असता तर काय झालें असतें, या प्रश्नावर चर्चिल यांचा निबंध आहे. मराठींत जयंत नारळीकर यांनीं 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेंत विश्वासरावांवर सुटलेली गोळी किंचित् चुकवून हाच प्रयोग केला. लढाया, गाद्या आणि राज्यें यांच्याविषयींचें असें 'जर-तर' विद्वानांस चालतें, कारण विषयच भारदस्त असतो. पण हीच बुद्धि एखाद्या खेळाडूच्या टोपीवरील अक्षराकडे वळली, तर ती समीक्षेस पात्र राहते काय? आमच्या मतें राहते. इतकेंच नव्हे, तर जर-तरच्या कल्पनेचें बळ आणि तिचे दोष या लहानशा क्षेत्रांत जितके उघडे पडतात, तितके राज्यांच्या इतिहासांत पडत नाहींत.

अमेरिकेंतील बेसबॉलप्रेमी लोकांत हौशी चित्रकारांचा एक संप्रदाय आहे. त्या देशांतील व्यावसायिक संघ वेळोवेळीं एक शहर सोडून दुसऱ्या शहरीं गेले. कांहीं जातां जातां राहिले. हे चित्रकार त्यांतील एखादें स्थलांतर रद्द करतात, किंवा न झालेलें घडवून आणतात, आणि त्या कल्पित शहरीं त्या संघानें वर्षानुवर्षें कोणते कपडे घातले असते तें चितारतात : टोपी, सदरा, विजार, मोजे, बाहीवरचा बिल्ला, आंकड्यांचें वळण, सारें कांहीं. लेखी मजकूर दोन ओळींचा. कधीं तोहि नसतो. वेश हीच कथा. अशा चित्रांची पारख कोणत्या कसोटीनें करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१

आपल्याकडील वाचकास प्रथम एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. रणजी करंडकासाठीं खेळणारा मुंबईचा संघ कोणी विकत घेऊन दुसऱ्या शहरीं नेईल, ही कल्पनाच आपणांस करवत नाहीं; कारण तो संघ त्या प्रदेशाच्या संघटनेचा असतो. अमेरिकेंतील बेसबॉलचा संघ ही मालकाची मिळकत आहे. इतर मालकांची संमति मिळाली म्हणजे खेळाडू, नांव, गणवेश आणि स्पर्धेंतील जागा हें सारें घेऊन मालक आपलें बिऱ्हाड हलवूं शकतो. आयपीएल सुरू झाल्यापासून याची थोडी चाहूल आपणांसहि लागली आहे. २०१६ व २०१७ या दोन हंगामांत पुण्याच्या नांवानें 'सुपरजायंट' संघ खेळला. त्याच मालकांनीं २०२२ मध्यें लखनौचा संघ उभा केला, आणि पुण्याचें तें बिरुद लखनौस गेलें. तरी दोन वर्षांच्या सहवासाचा वियोग तो केवढा? ब्रुकलिनसारख्या ठिकाणीं संघ आणि गांव यांचा संसार पिढ्यांचा होता.

१९०३ पासून १९५२ पर्यंत सोळा संघ दहा शहरांत आपापल्या जागीं स्थिर होते. १९५३ सालीं ब्रेव्हज् हा संघ बोस्टनहून मिलवॉकीस गेला आणि बांध फुटला. १९५४ त सेंट लुइसचे ब्राउन्स बाल्टिमोरास जाऊन ओरिओल्स झाले. १९५५ त फिलाडेल्फियाचे ॲथलेटिक्स कॅन्सस सिटीस गेले. आणि १९५८ चा हंगाम ब्रुकलिनच्या डॉजर्सनीं लॉस एंजेलिसमध्यें व न्यू यॉर्कच्या जायंट्सनीं सॅन फ्रान्सिस्कोंत सुरू केला. जर-तरच्या चित्रकारांचें कुरण तें हेंच.

या खेळांत वेशाचा एक जुना संकेत आहे. संघ आपल्या मैदानावर पांढरे कपडे घालतो, परगांवीं करडे. बहुधा पांढऱ्या सदऱ्यावर संघाचें टोपणनांव असतें आणि करड्या सदऱ्यावर शहराचें. घरीं गांवाचें नांव सांगावें लागत नाहीं. तें परक्यांना सांगावयाचें असतें. आपल्या आडनांवांतहि हाच न्याय आहे. चिपळुणांत राहणारास कोणी चिपळूणकर म्हणत नाहीं. तो देशावर आला म्हणजे त्याला तें नांव चिकटतें, आणि नातवांनीं चिपळूण डोळ्यांनीं पाहिलें नसलें तरी तें सुटत नाहीं. 'डॉजर्स' हें नांव याच जातीचें आहे. ब्रुकलिनच्या रस्त्यांवर ट्रामगाड्या चुकवीत चालणाऱ्या लोकांना दिलेलें तें थट्टेचें नांव. संघ देशाच्या दुसऱ्या टोकास गेला, टोपीवरचें 'बी' जाऊन 'एल् ए' आलें. पण सदऱ्यावरचें तिरपें, वळणदार, निळें 'डॉजर्स' जसेंच्या तसें राहिलें. 'ब्रेव्हज्' या नांवाची कथा तर याहून मौजेची आहे. १९१२ सालीं बोस्टनच्या त्या संघाचा जो मालक झाला तो न्यू यॉर्कमधील टॅमनी हॉल या राजकीय संघटनेंतला; अमेरिकेंतील मूळ रहिवाशांचा एक सरदार हें त्या संघटनेचें चिन्ह. न्यू यॉर्कच्या राजकारणांतून निघालेलें तें नांव बोस्टन, मिलवॉकी आणि अटलांटा अशीं तीन शहरें फिरलें.

तेव्हां वेश वाचावयाचा म्हणजे त्यांतील तीन थर वेगळे करावयाचे : मालकाचें काय, गांवाचें काय, आणि निव्वळ योगायोगाचें काय. जो चित्रकार हे थर ओळखतो त्याचें चित्र बोलतें. जो ओळखत नाहीं त्याच्या चित्रांत रंगांपलीकडे कांहीं नसतें.

२

तिन्ही थरांत योगायोगाचा थर सर्वांत फसवा. कारण कांहीं वर्षें लोटलीं म्हणजे तोच परंपरा म्हणून मिरवूं लागतो. १९६९ सालीं सिॲटल शहरास 'पायलट्स' नांवाचा नवा संघ मिळाला. एका हंगामांतच त्याचें दिवाळें निघालें. १९७० च्या मार्चच्या अखेरच्या दिवशीं दिवाळखोरीच्या न्यायालयानें विक्रीस मोकळीक दिली, आणि बड सीलिग यांनीं तो संघ मिलवॉकीस नेला. मिलवॉकींतील पहिला सामना ७ एप्रिलला होता. सीलिग यांस गडद निळा आणि तांबडा हे रंग हवे होते. खालच्या श्रेणींत त्या शहरीं पूर्वीं खेळलेल्या 'ब्रूअर्स' संघाचे ते रंग. पण नवे कपडे शिवण्यास वेळ कोठें होता? पायलट्सच्याच सदऱ्यांवरचीं अक्षरें उसवून त्या जागीं 'ब्रूअर्स' हीं अक्षरें शिवलीं गेलीं. जवळून पाहणारास जुन्या अक्षरांच्या खुणा दिसत. सिॲटलच्या त्या वेशावर जहाजाच्या कप्तानाच्या बाहीवर असतात तसे पट्टे होते. तेहि तसेच राहिले. त्या उसन्या कपड्यांचा निळा व सोनेरी रंग आज पन्नासांहून अधिक वर्षें, थोड्याफार फरकानें, मिलवॉकीचा स्वतःचा रंग होऊन बसला आहे.

आतां समजा, एका चित्रकारानें ठरविलें कीं पायलट्स सिॲटल सोडून गेलेच नाहींत. त्याच्या जगांत मिलवॉकीस पुढें कधीं संघ मिळालाच, तर त्याला निळा-सोनेरी वेश देतां येणार नाहीं. सीलिग यांच्या मनांतला तांबडा द्यावा लागेल. १९७७ सालीं सिॲटलला मिळालेला 'मरिनर्स' हा संघहि त्या जगांत असणार नाहीं, कारण पायलट्स गेल्याबद्दल गुदरलेल्या दाव्याच्या तडजोडींतून तो जन्मास आला. आमची पहिली कसोटी ती हीच : खिळा उपसला कीं त्याला टांगलेलें सर्व खालीं आलें पाहिजे. ज्या चित्रांत खिळा निघतो आणि तसबीर मात्र भिंतीवर तशीच लटकत राहते, तें चित्र कितीहि सफाईदार असो, त्यांत विचार झालेला नाहीं.

या कसोटीस पुष्कळ चित्रें उतरत नाहींत, आणि त्यांत ब्रुकलिनचीं विशेष. डॉजर्सचे मालक वॉल्टर ओ'मॅली यांस अटलांटिक व फ्लॅटबुश या रस्त्यांच्या नाक्यावर नवें मैदान बांधावयाचें होतें. शहराच्या सार्वजनिक बांधकामांवर ज्यांची हुकमत चाले त्या रॉबर्ट मोझेस यांनीं त्या जागेस नकार दिला आणि क्वीन्समधील फ्लशिंग मेडोजची जागा पुढें केली. तोड निघाली नाहीं आणि संघ गेला. चित्रकार म्हणतो, मोझेस हो म्हणाले असें समजा. आणि मग तो पुढील तीन-चार दशकांतील ब्रुकलिनच्या डॉजर्सचे कपडे काढूं लागतो. इथवर तक्रार नाहीं. परंतु त्याच मालिकेंत १९६२ नंतर निळ्या-नारिंगी वेशांतले 'न्यू यॉर्क मेट्स' अवतरतात, आणि जाणता वाचक थबकतो. मेट्स हा संघ जन्मास आला तोच मुळीं दोन संघ गेले म्हणून. त्यानें डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा नारिंगी घेतला. जायंट्सच्या टोपीवरचीं एकांत एक गुंफलेलीं 'एन् वाय' हीं अक्षरेंहि घेतलीं. एका शहरानें गेलेल्या दोघांच्या नांवानें धरलेला तो श्राद्धाचा वेश आहे. गेलेला घरींच असेल तर पान कोणाच्या नांवानें वाढावयाचें?

खऱ्या वेशांतहि न घडलेल्या इतिहासाचे अवशेष असतात, हें चित्रकारानें विसरूं नये. डॉजर्सच्या सदऱ्यावर पुढल्या बाजूस एक तांबडा आंकडा असतो. निळ्या अक्षरांखालीं तो एकटाच तांबडा. हा आंकडा १९५१ च्या वर्ल्ड सीरीजसाठीं योजला होता. परंतु त्या वर्षीं ३ ऑक्टोबर रोजीं जायंट्सच्या बॉबी थॉमसननें मारलेल्या होमरननें ब्रुकलिनची संधि हुकली, आणि तांबडा आंकडा १९५२ त अंगावर चढला. ज्या सामन्यासाठीं तो होता तो सामना त्यांनीं खेळलाच नाहीं. पुढें लॉस एंजेलिसमधील मुलांनीं तो आंकडा आपलाच म्हणून पाहिला.

३

येथें या कल्पनाविलासाच्या नीतीचा प्रश्न येतो, आणि आमच्या मतें तोच मुख्य आहे. ब्रुकलिनला संघ परत देणाऱ्या चित्रांत बहुधा एक मूक प्रतिज्ञा असते कीं, एवढें झालें असतें तर सर्वांचेंच भलें झालें असतें. हें दुःख खोटें नाहीं. १९५५ सालीं ब्रुकलिननें आपली एकमेव वर्ल्ड सीरीज जिंकली. दोन वर्षांनीं संघ गेला. १९६० त एबेट्स फील्ड हें मैदानहि पाडलें गेलें. १९४७ सालीं जॅकी रॉबिन्सन ज्या मैदानावर प्रथम उतरला, आणि वर्णभेदाची भिंत ज्या गवतावर पडली, तेथें आज घरें आहेत. ज्या लोकांजवळ मैदान उरलें नाहीं आणि संघ उरला नाहीं, त्यांच्याजवळ 'बी' अक्षराची टोपी तेवढी उरली. खेळाडू बदलतात, मालक बदलतात, वस्त्र राहतें. म्हणून त्या वस्त्राशीं खेळणारा मनुष्य दुसऱ्याच्या घरांतील जुनी पेटी उघडीत असतो, हें भान त्यानें ठेवावें.

पण दुसऱ्या गांवाचेंहि एक घर आहे. लॉस एंजेलिसमधील चावेझ रवीन या टेकाडांतल्या वस्तींत मेक्सिकन वंशाचीं कुटुंबें राहत. त्यांतील शेवटचीं घरें १९५९ च्या मे महिन्यांत बळानें रिकामीं करण्यांत आलीं, आणि १९६२ सालीं तेथें डॉजर्सचें मैदान उघडलें. ब्रुकलिनवादी चित्रकार हें उदाहरण हटकून पुढें करतो : संघ गेला नसता तर तीं घरें वांचलीं असतीं! इतिहास इतका सरळ नाहीं. ती वस्ती उठविण्यास १९५० त आरंभ झाला तो सरकारी घरबांधणीच्या योजनेसाठीं. पुढें ती योजना बारगळली; लोक गेले होते आणि जमीन पडून होती. मोझेस यांच्या तोंडीं होकार घातल्यानें तीं कुटुंबें परत येत नाहींत. आणखीहि एक नोंद पलीकडच्या बाजूस करावी लागते. १९८१ सालीं फर्नांडो व्हालेन्झुएला या मेक्सिकोंतून आलेल्या तरुण पिचरनें त्याच निळ्या टोपीखालीं, त्याच मैदानावर, त्या शहरांतील मेक्सिकन वंशाच्या हजारों लोकांना आणलें. ब्रुकलिनला संघ देतांना आपण त्यांच्याकडून हें काढून घेतों. काढून घेऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. कल्पनेस तो अधिकार आहे. परंतु जमेस धरलें तें खर्चींहि पडलें पाहिजे. एकाच बाजूचा हिशेब लिहिणारें चित्र आर्जव करतें, इतिहास सांगत नाहीं.

४

आतां चित्रकाराच्या बुद्धीस खरें काम पडतें अशा एका प्रकरणाकडे वळूं. जायंट्सचे मालक होरेस स्टोनहॅम यांच्या मनांत प्रथम सॅन फ्रान्सिस्को नव्हतें, मिनिआपोलिस होतें. तेथला खालच्या श्रेणीचा 'मिलर्स' संघ त्यांच्याच छत्राखालीं होता, आणि जवळच ब्लूमिंग्टन येथें १९५६ त नवें मैदान झालें होतें. ओ'मॅली यांनीं मन वळविलें म्हणून ते पश्चिम किनाऱ्यास गेले. 'मिनिआपोलिसचे जायंट्स' हा विषय त्यामुळें पुष्कळांस मोह घालतो. सामान्य चित्रकार काय करतो? काळे-नारिंगी कपडे उचलतो, टोपीवर एक मोठा 'एम्' घालतो, आणि हात पुसून मोकळा होतो.

पण मिनिआपोलिसच्या शेजारीं नदीकांठीं सेंट पॉल आहे, आणि या दोन शहरांची चुरस जुनी. त्यांत सेंट पॉलचा 'सेंट्स' हा संघ १९६० पर्यंत डॉजर्सच्या पंखाखालीं होता. म्हणजे न्यू यॉर्कांतील जायंट्स-डॉजर्स वैराची एक लहान प्रत या जुळ्या शहरांत वर्षानुवर्षें वाचली जात होती. जायंट्सचे रंग आणि वर मिनिआपोलिसचें अक्षर, अशी टोपी सेंट पॉलचा मनुष्य डोक्यावर घेईल काय? आणि त्यानें घेतली नाहीं तर मैदान भरणार कसें? १९६१ सालीं वॉशिंग्टनचा संघ खरोखरच तेथें आला तेव्हां त्याच्या धन्यांना हा पेंच सोडवावा लागला. त्यांनीं संघाला शहराचें नांव न देतां मिनेसोटा या राज्याचें दिलें. टोपणनांव 'ट्विन्स' म्हणजे जुळे ठेवलें. टोपीवर जुळ्या शहरांचीं 'टी सी' हीं अक्षरें घातलीं. आणि बिल्ल्यावर नदीच्या दोन तीरांवरून हस्तांदोलन करणारे दोन खेळाडू काढले. तो वेश म्हणजे कापडावर लिहिलेला एक तहनामाच होय.

जायंट्सना तेथें नेणाऱ्या चित्रकारापुढें हाच पेंच, आणि तोहि अधिक बिकट होऊन, उभा राहतो. कारण 'जायंट्स' हें नांव त्याला टाकतां येत नाहीं आणि सेंट पॉलला तें नांव शत्रूचें आहे. तो काय तोड काढतो यावर त्याची योग्यता ठरावी. त्यानें टोपीवर अक्षरच न घालतां ती कोरी काळी ठेवली, तरी आम्ही तिला 'एम्'च्या टोपीहून श्रेष्ठ मानूं. कारण त्या कोरेपणांत एक पेंच ओळखल्याची खूण राहील.

५

या संप्रदायाची आवडती कथा मात्र याहून जुनी आहे. सेंट लुइसच्या ब्राउन्सचे मालक डोनाल्ड बार्न्स यांनीं १९४२ पासून आपला संघ लॉस एंजेलिसला नेण्याचा बेत रचला होता. इतर मालकांच्या संमतीसाठीं तो ८ डिसेंबर १९४१ रोजीं पुढें यावयाचा होता. ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर बाँब पडले, आणि बेत तेथेंच बुडाला. एका दिवसाच्या अंतरानें हुकलेला इतिहास चित्रकारांस न भुलवील तरच नवल.

या विषयावरील चित्रांत दोन प्रकारचे दोष वारंवार आढळतात. पहिला स्थळाचा. चित्रकार लॉस एंजेलिस म्हटलें कीं ताडाचीं झाडें, संत्र्यांच्या बागा आणि चित्रपटांचे दिवे सदऱ्यावर आणून बसवितो; खेळाडू प्रवासी कचेरीच्या भित्तिपत्रकासारखा दिसूं लागतो. त्या काळचे सदरे अबोल असत : एक नांव, एक अक्षर, फार तर एखादें चिन्ह. शिवाय 'ब्राउन्स' हें नांवच जुन्या तपकिरी मोज्यांवरून आलेलें. ज्याचें नांव रंगावरून पडलें त्याचा रंग बदलला कीं नांवहि गेलें. १९५४ सालीं बाल्टिमोरास गेल्यावर खरोखर तसेंच झालें : संघानें तेथल्या ओरिओल पक्ष्याचें नांव घेतलें आणि त्या पक्ष्याचा काळा-नारिंगी रंग अंगीकारला. तेव्हां लॉस एंजेलिसमध्यें नांव ठेवावयाचें तर तपकिरी रंग ठेवला पाहिजे, आणि रंग टाकावयाचा तर नांवहि टाकलें पाहिजे. मधली वाट नाहीं.

दुसरा दोष काळाचा. औचित्य समजावून देतांना क्षेमेन्द्रानें वस्त्राभरणांचाच दाखला घेतला आहे : अलंकार चांगला असूनहि भलत्या अवयवावर घातला तर लोक हंसतात. भलत्या सालीं घातला तरी हंसतात, एवढी पुस्ती आम्ही जोडूं. पाठीवर खेळाडूचें नांव लिहिण्याची रीत शिकागोच्या व्हाइट सॉक्सनीं १९६० त पाडली. १९४२ च्या पाठीवर तें नांव येणार कोठून? त्या वेळीं कपडे लोकरीच्या फलालिनीचे, ढगळ आणि भारी असत. अंगाशीं बसणारें विणीचें पॉलिएस्टर १९७० त आलें. फलालीन जशी पडते, जशी सुरकुतते, तशी चित्रांत पडली नाहीं तर रंग बरोबर असूनहि अंग खोटें दिसतें. ज्यांस ही शिस्त शिकावयाची आहे त्यांनीं मार्क ओकोनन यांचा १९९१ सालीं प्रसिद्ध झालेला, विसाव्या शतकांतील गणवेशांचा ग्रंथ पाहावा. त्यांत त्यांनीं संघांचे वेश वर्षवार रेखाटले आहेत. कल्पनेस तेथें थारा नाहीं. म्हणूनच कल्पना करणारास त्याहून चांगली शाळा नाहीं.

परंतु या कथेचें मर्म आणखी खोल आहे, आणि तें फार थोड्यांच्या लक्षांत येतें. मालकांची बैठक आठवडाभर आधीं झाली असती तर ब्राउन्सना संमति मिळाली असती, हें घटकाभर धरून चालूं. पण त्यामुळें युद्ध टळत नाहीं. ७ डिसेंबर हा दिवस येतोच, आणि आतां त्या दिवशीं संघ पश्चिम किनाऱ्याचा झालेला असतो. तो किनारा त्या हिंवाळ्यांत हल्ल्याच्या धास्तीनें अंधार करून बसला होता. लॉस एंजेलिसजवळच्या पासाडेनांत दर नववर्षदिनीं होणारा 'रोझ बोल' हा फुटबॉलचा सामना १ जानेवारी १९४२ रोजीं तेथें होऊं दिला नाहीं. तो देशाच्या दुसऱ्या किनाऱ्याकडे, नॉर्थ कॅरोलायनांतील डरहॅम येथें खेळविला गेला. जेथें एका सामन्यासाठीं गर्दी जमूं देण्याची भीति, तेथें एप्रिलपासून पुढें अख्खा हंगाम सुरळीत चालला असता काय? आमच्या मतें १९४२ चे लॉस एंजेलिस ब्राउन्स काढणारानें त्यांना शुभ्र कपड्यांत काढूंच नये. करडे कपडे, छातीवर अजून नीट न पाहिलेल्या शहराचें नांव, आणि बाहीवर त्या वर्षीं सर्व संघांनीं लावलेला 'हेल्थ' या शब्दाचा ढालीच्या आकाराचा बिल्ला : घर मिळालेला, पण घरीं जातां न आलेला संघ. फिलिप रॉथ यांनीं १९७३ सालच्या 'द ग्रेट अमेरिकन नॉव्हेल' या कादंबरींत असा एक कल्पित संघ रंगविला आहे. त्याचे मालक युद्धकाळांत मैदान सरकारला देऊन टाकतात आणि संघ सगळे सामने परगांवीं खेळत फिरतो. रॉथ यांनीं त्यांतून प्रहसन काढलें. चित्रकारास त्याच स्थितींतून करुण काढतां येईल, आणि त्यासाठीं त्याला एकहि शब्द लिहावा लागणार नाहीं; करडा रंगच पुरेसा आहे.

६

इतका खटाटोप टोप्यांसाठीं आणि सदऱ्यांसाठीं कां, असें कोणी विचारील. मालकांना हे कपडे विकून पैसा मिळतो, आणि जुन्या शहराची आठवण हाहि त्यांच्या दुकानांतला एक माल आहे, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु दुकान ज्या भावनेवर चालतें ती भावना दुकानानें निर्माण केलेली नाहीं. खेळाच्या संघाचें गांवाशीं नातें काय, मालकीनें तें तुटतें काय, आणि तुटल्यावर त्याची खूण कोणाजवळ राहते, हे प्रश्न आजहि मिटलेले नाहींत. ॲथलेटिक्स संघाचें उदाहरण समोरच आहे. १९०२ सालीं जॉन मॅग्रॉ यांनीं त्या संघास 'पांढरा हत्ती' म्हणून हिणविलें, आणि कॉनी मॅक यांनीं तोच हत्ती मानचिन्ह म्हणून स्वीकारला. फिलाडेल्फिया सोडून संघ कॅन्सस सिटीस गेला. तेथें १९६३ त चार्ल्स फिनली यांनीं त्याला हिरव्या-सोनेरी रंगांत रंगविलें. ते रंग घेऊन संघ १९६८ त ओकलंडला आला. २०२४ चा हंगाम संपल्यावर त्यानें ओकलंडहि सोडलें. २०२८ त लास व्हेगासला जाण्याचा बेत जाहीर करून २०२५ पासून तो वेस्ट सॅक्रामेंटोच्या एका लहान मैदानावर खेळूं लागला, आणि मधल्या काळांत नांवामागें कोणत्याहि शहराचें नांव लावावयाचें नाहीं असें त्यानें ठरविलें. परगांवीं गेल्यावर 'तुम्ही कोठले?' या प्रश्नाला ज्याच्या सदऱ्यावर उत्तर नाहीं, असा हा संघ कोणा चित्रकारानें कल्पिला असता, तर आपण त्यास अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

ओकलंडला हा संघ परत देणारीं चित्रें निघणारच. त्यांची पारख करतांना आम्ही रंगसंगति शेवटीं पाहूं. खिळ्याबरोबर तसबीर खालीं आली काय, दुसऱ्या गांवाचा खर्च मांडला काय, आणि त्या सालीं तें कापड अंगावर तसेंच पडलें असतें काय, हें आधीं विचारूं. मिलवॉकीच्या त्या पहिल्या सदऱ्यांवर नव्या अक्षरांखालीं जुन्या अक्षरांची शिवण दिसत होती. घाईनें झालेलें तें काम दर्जी लोकांच्या दृष्टीनें कच्चें होतें. पण इतिहासाच्या दृष्टीनें त्यापेक्षां सच्चें वस्त्र या खेळांत फारसें शिवलें गेलें नसेल. कल्पित इतिहासाच्या चित्रकारानें तो कच्चेपणा पुसूं नये. उसवलें कोठें आणि जोडलें कोठें, हें ज्याच्या चित्रांत दिसेल, त्याला आम्ही या लहानशा कलेंतील जाणता म्हणूं.